खो न मिळणारा गडी

जुलै 2023. मधली सुट्टी संपायच्या बेताला सातवीतला एक मुलगा तळहात दाबून धरत ऑफिसात आला. कर्कटकाचं टोक आत गेलं होतं. ज्यानं ते घुसवलं तो मागोमाग आला. त्याला कुणी धरून आणलं नव्हतं, आपण होऊन येऊन दाराशी उभा राहिला. मुख्याध्यापकांनी विचारलं, का केलंस? तो म्हणाला, माहीत नाही. तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर.

जखमेला पट्टी झाली, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, दोन्ही घरांना निरोप गेले. मग मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "ह्याला तुमच्या ताब्यात घ्या. मैदानावर अंग मोडलं की डोकं आपोआप ठिकाणावर येतंय."

मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात क्रीडाशिक्षक आहे. हे वाक्य नोकरीत किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. मीही ते पालकांना ऐकवत आलो होतो. या एका मुलामुळे ते म्हणायचं सोडलं. कसं सोडलं ते लिहून ठेवतोय, कारण माझ्यासारखे बरेच क्रीडाशिक्षक आणि बरेच बाप अजून त्याच वाक्यावर मुलं वाढवतायत. मुलाचं नाव, गाव, शाळा सांगणार नाही. ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत.

मुलगा

वय बारा. जन्म आणि सहावीपर्यंतची शाळा ठाण्याकडची. वडिलांची कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी रात्रपाळीला टॅक्सी धरली, आणि खोलीचं भाडं परवडेना म्हणून आई मुलाला घेऊन माहेरी आली. म्हणजे मुलगा आजोळी आला. आजोळ सुट्टीत यायचं ठिकाण. तिथं दप्तर घेऊन राहायला आलं की ते वेगळंच गाव होतं.

वर्गानं त्याचं नाव ठेवलं 'वडापाव'. भाषा पुस्तकी, 'हाय की'च्या जागी 'आहे ना' म्हणणार, पायात बूट. मुलं टोपणनाव सगळ्यांनाच ठेवतात, त्यात विशेष काही नाही. फरक एवढाच की बाकीच्यांना टोपणनावानं बोलावतात, याला टोपणनावानं हाकलत होते.

मैदानावर घातला

माझी चूक पहिल्याच दिवशी झाली, आणि ती मला चूक वाटलीही नाही.

आमच्याकडे गडी वाटून घ्यायची जुनी रीत आहे. दोन म्होरके उभे राहतात. बाकीची पोरं आपापल्या तोलाचा जोडीदार शोधून, गळ्यात हात टाकून लांब जातात, गुपचूप नावं ठरवतात आणि परत येऊन विचारतात, "आंबा घेणार का फणस?" म्होरक्या एक नाव घेतो, जोडी फुटते, एक इकडे, एक तिकडे. वाटणी अगदी बरोबरीची होते, पंचाची गरज पडत नाही. माझा जीव आहे या रीतीवर. पण तिच्यात एक भोक आहे: ज्याच्या गळ्यात कुणी हात टाकत नाही तो उरतो. उरलेला लिंबूटिंबू. तो खेळतो, पण धरला जात नाही. बाद झाला तरी चालतं, आणि बाद केलं तरी मोजत नाहीत.

पाच वर्षांचं पोर लिंबूटिंबू असलं तर खुशीत असतं. बारा वर्षांच्या मुलाला सलग नऊ दिवस लिंबूटिंबू केलं तर काय होतं, ते मी शिट्टी गळ्यात अडकवून बघत होतो.

दहाव्या दिवशी मीच त्याला उचलून एका बाजूला टाकला. खेळ होता कबड्डी. पहिल्या चढाईला तो मध्यरेषा ओलांडून दोन पावलं आत गेला असेल, पाच जण अंगावर. दुसऱ्या चढाईला तसंच. पकड नियमात, ढकलणं नियमात, वर पडणं नियमात. फाऊल द्यावा असं काहीही नव्हतं. नियमात बसणारी मारहाण होती ती. मी गुण देत राहिलो. तिसऱ्यांदा तो उठला तेव्हा तोंडात माती आणि डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "उठ. रडतोस काय मुलीसारखा."

हे वाक्य लिहिताना लाज वाटते, आणि त्यात एक विनोदही आहे. त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या शाळेच्या मुलींचा खो-खोचा सराव चालू होता, आणि तालुक्यात दरारा होता तो त्यांच्या संघाचा. मुलांच्या संघाचा नव्हता.

ऑगस्ट संपेपर्यंत पोटदुखी सुरू झाली, पीटीच्या तासाला हमखास. मग शनिवारी गैरहजेरी. मला वाटलं, शहरातलं पोर, रुळेल हळूहळू.

सप्टेंबरात त्याचे आजोबा आले. धोतर-टोपीतले, बाकावर टेकले नाहीत. "मास्तर, पोरगं शाळंला म्हणून भाईर पडतंय आन् घाटावर जाऊन बसतंय. नदीकडं बघत. दोन टायमाला मी बघितलं. भ्या वाटतंय वो मला."

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. हे ऐकल्यावर मी सगळं मैदानावर सोडून दिलं नाही. मुलाच्या आईला बोलावून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिनं फोन केला, आणि पुढं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दोन फेऱ्याही मारल्या. घाटावर बसणाऱ्या मुलाला खो-खो हा इलाज नाही. खो-खो त्यानंतरची गोष्ट.

आई काय म्हणाली

"सर, तिकडं तो असा नव्हता."

सगळ्याच आया हे म्हणतात, म्हणून मी अर्धवट ऐकत होतो. पुढं ती म्हणाली, "चाळीत क्रिकेट चालायचं ना, तेव्हा ह्याला बॅटिंग काय फारशी मिळायची नाही. पण बॉल गटारात गेला की सगळे ह्याच्याच नावानं ओरडायचे. हात बारीक, जाळीतून आत जायचा. जेवत असला तरी उठून जायचा."

त्या दिवशी मी सायकल हातात धरून घरी चालत गेलो. चाळीच्या संघात हा मुलगा खेळाडू म्हणून कुणीच नव्हता. तरी त्याच्याशिवाय खेळ थांबत होता. माझ्या मैदानावर तो खेळाडू होता, आणि तो नसला तर कुणाला पत्ता लागत नव्हता.

गावात तालीम आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वस्तादांकडे गेलो आणि विचारलं, नवीन पोर आलं की पहिल्या दिवशी काय करता? ते म्हणाले, "करायचं काय त्यात? खोरं देतो हातात. माती उकरायला. महिनाभर कुस्तीचं नाव न्हाय." का म्हणून विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खुळा आहे. "हौदा त्यानं उकरला म्हंजे त्यो त्याचा झाला की."

तालमीचं सगळंच चांगलं असतं असं नाही. थोरल्यांची धुणी धुणारी आणि मुकाट मार खाणारी पोरंही मी तिथं पाहिली आहेत. पण खोऱ्याची गोष्ट मी उचलली.

फक्की

मैदान आखणं हे आमच्याकडे शिपायाचं आणि माझं काम असायचं. मोठ्यांचं खो-खोचं मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, त्यांना जोडणारी मधली पट्टी 30 सेंटिमीटरची, आणि तिच्यावर बसायचे आठ चौकोन. लहान गटाला मैदान थोडं लहान. दोरी, खुंट्या, टेप आणि फक्कीची पाटी. काटकोन जरा हुकला की सगळं मैदान तिरकं होतं आणि ते शेवटच्या रेघेला कळतं.

मी त्याला म्हणालो, "उद्यापासून सकाळी सातला ये. दोरी धरायला माणूस पाहिजे मला." खेळायचं नावच काढलं नाही.

पहिले चार दिवस तो एक शब्द बोलला नाही. पाचव्या दिवशी, दोघंही वाकलेले, तो चौकोनाच्या कडेला फक्की सोडत होता आणि मी टेप धरला होता, तेव्हा मातीकडे बघतच म्हणाला, "सर, तो रोज विचारायचा."

"कोण?"

"ज्याला मी कर्कटक मारलं तो. तुझे पप्पा कधी येणार, असं. रोज. सगळ्यांसमोर."

मी टेप धरूनच राहिलो. वर बघितलं असतं तर तो गप्प झाला असता. ऑफिसात खुर्चीसमोर उभं करून तीनदा विचारलं तेव्हा 'माहीत नाही' म्हणणारा हाच मुलगा. या वयाच्या मुलांशी समोरासमोर बसून बोलता येत नाही, हे मला तेव्हा कळायला लागलं. शेजारी बसून, हात कामात असताना, दोघांची नजर तिसऱ्याच गोष्टीवर असली की ती बोलतात. घरी बापानं पंक्चर काढताना मुलाला पाना धरायला बोलवावं, चौकशी आपोआप होते.

'का केलंस' या प्रश्नाचं उत्तर मिळायला अडीच महिने लागले.

वहीतल्या रेघा

ऑक्टोबरात मी त्याला खो-खोत बसवला. खो-खो निवडण्यात माझं शहाणपण काही नव्हतं. कबड्डीत परत घालायची माझी हिंमत नव्हती, आणि मैदान त्यानंच आखलेलं होतं.

ज्यांनी हा खेळ पुष्कळ वर्षांत बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पट्टीवर चौकोनांत बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा धावतो. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांब गाठल्याशिवाय बदलता येत नाही. पळणारा मात्र कसाही, बसलेल्यांच्या मधूनही पळतो. म्हणून पळणारा पलीकडे सटकला की धावणाऱ्यानं बसलेल्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं आणि त्याची जागा घ्यायची. बसलेल्याला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. कितीही चपळ असो, पाठीवर थाप पडेपर्यंत उकिडवं बसून राहायचं.

म्हणजे नवव्या माणसाच्या एकट्याच्या जोरावर इथं काही होत नाही. खेळच असा आहे की प्रत्येकाला खो द्यावा लागतो, असं मी समजत होतो.

तसं होत नव्हतं. एका सकाळी मला शंका आली म्हणून मी वहीत आठ चौकोन काढले आणि खो पडेल तशी त्या चौकोनापुढं रेघ मारत गेलो. अर्ध्या तासाच्या सरावात त्याच्या शेजारच्या दोघांपुढं चौदा-चौदा रेघा होत्या. त्याच्यापुढं तीन. धावणारा त्याच्या पाठीमागून जात होता, पळणारा पलीकडे बरोबर त्याच्या तोंडासमोर होता, आणि तरी खो पुढच्याला जात होता. पुढच्याचं तोंड उलट्या बाजूला, म्हणून आणखी एक चौकोन पुढं. तेवढ्यात पळणारा चार पावलं काढून मोकळा. कबड्डीत जे अंगावर पडून झालं तेच इथं हातही न लावता चाललं होतं.

या वेळी मी 'सगळ्यांना सामावून घ्या' वगैरे बोललो नाही. हे बोलल्यानं मुलं ज्याला सामावून घ्यायचं त्याचा आणखी राग करतात, हा अनुभव आहे. मी वही सगळ्यांसमोर धरली आणि स्टॉपवॉच दाखवलं. ह्या चौकोनाला खो टाळला की पळणारा इतके सेकंद जास्त टिकतो. तुम्ही आठ जणांनी पाठलाग करताय, समोरच्या शाळेचे नऊ जण करतात. मोजा तुम्हीच. पोरं हिशेबाला पक्की असतात. कुणी माफी मागितली नाही. रेघा मात्र वाढल्या.

आणखी दोन बदल केले. आंबा-फणसाची वाटणी माझ्या सरावात बंद केली, चिठ्ठ्या टाकायला लागलो. ते अजून जिवाला लागतं. आणि आठवड्यातून दोनदा मुलांचा संघ मुलींच्या संघासमोर उभा केला. पहिल्या दिवशी मुलांचं पार पानिपत झालं. आठवीतली एक मुलगी खांबाला एका हातानं धरून अशी गर्रकन फिरायची की आमचा म्होरक्या दोनदा तोंडावर पडला. त्यानंतर 'मुलीसारखा' हा शब्द मैदानावर शिवी म्हणून चालेना. माझ्या तोंडूनही. आमच्या मुलानं खांबावरचं वळण तिच्याकडूनच शिकून घेतलं, सगळ्यांदेखत, 'ताई, परत एकदा दाखव ना' म्हणत. बाकीचे हसले. आठवड्यात त्यांतले तिघं तिच्यापुढं रांगेत होते.

मैत्री झाली का?

पालकसभेत मी हे प्रकरण नाव न घेता सांगतो तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. दुसरा हमखास प्रश्न म्हणजे, सर, दहावीला खेळाचे गुण मिळतील ना?

नाही झाली. ज्याच्या हाताला कर्कटक लागलं त्याची आणि याची मैत्री आजही नाही. दोघं डबा वेगळा खातात. पण तो याला खो देतो, आणि हा उठून त्याच दमात पळतो. मला एवढ्याचं मोल जास्त वाटतं. माणसाला सगळ्यांची दोस्ती लागत नाही, पण ज्यांच्याशी दोस्ती नाही त्यांच्यातही आपण धरलेले आहोत, हे लागतं.

खेळाडू म्हणून तो मध्यमच राहिला. दिवाळीनंतर पंधरा दिवस पुन्हा बिनसलं, कारण सुट्टीत वडील येणार होते आणि आले नाहीत. तेव्हा मैदानावर यायचा, फक्की मारायचा, आणि खेळायच्या वेळी निघून जायचा. मी जाऊ दिलं.

2024 च्या पावसाळ्यात तालुक्याच्या शालेय स्पर्धेत, 14 वर्षांखालच्या गटात, तो बारा जणांत होता. चिखलात सामना झाला. तिसऱ्या तुकडीत पळायला उतरला आणि अर्धं मिनिटही टिकला नाही. आम्ही हरलो. परतीला टेम्पोत पोरं चढली, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, तेवढ्यात आमचा म्होरक्या फाळक्यावर हात आपटत ओरडला, "थांबवा वो, एक कमी हाय! वडापाव कुठाय?" तो नळावर सगळ्यांचे बूट धूत होता. चिखलाचे बूट टेम्पोत नकोत म्हणून ड्रायव्हर कुरकुरला होता, ते त्यानं मनावर घेतलं होतं. "ए लेका, ये की लवकर," म्हणून चार जणांनी हात देऊन त्याला वर ओढला.

इथं थांबलो असतो तर प्रकरण गोड झालं असतं.

हंगाम

त्या वर्षी गळीत हंगाम सुरू झाला तशा साखर कारखान्याच्या बाजूला ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या. बीडकडच्या एका टोळीतला मुलगा सहावीत येऊन बसला, हंगाम संपेपर्यंत. काटक, पळायला वाऱ्यासारखा. मी लगेच मैदानावर घेतला.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही चषक जिंकले, पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर महाराष्ट्रातला. पोरांनी मोबाइलवर सामने बघितले आणि आमच्या मैदानावर एकदम गर्दी झाली. जो तो 'ड्रीम रन'च्या, म्हणजे पळणारी तुकडी बराच वेळ बाद न होता टिकली की मिळणाऱ्या गुणांच्या, गोष्टी करायला लागला. त्या गर्दीत मला एक हाक ऐकू आली.

"ए कोयत्या, सरक तिकडं!"

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुलाला तेच नाव पडलं होतं. हाक आमच्या मुलाची होती. भाषाही आता आमच्याकडची झाली होती, 'आहे ना' कधीच गेलं होतं. आजूबाजूची पोरं हसली आणि तोही त्यांच्यात हसला, अगदी मोकळा, घरच्यासारखा.

मला रागापेक्षा धक्का बसला, आणि मग वाटलं, धक्का का बसावा? आत घेतलं जाणं कसं असतं ते तो आमच्याकडूनच शिकला होता. बाहेर कसं ठेवायचं तेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला बाजूला घेतलं. भाषण तयार होतं, पण दिलं नाही. वही आणि पेन त्याच्या हातात दिलं. "आज पळायचं नाही. आठ चौकोन काढ. खो पडेल तशी रेघ."

तो खांबाशी बसला. अर्ध्या तासानं त्यानं वही आणून दिली. तिसऱ्या चौकोनात बीडचा मुलगा बसला होता. त्याच्यापुढं दोन रेघा होत्या. बाकीच्यांपुढं अकरा, तेरा, सतरा. मी वही बघितली, मिटली, त्यानं ती पुन्हा मागून घेतली, उघडून बघितली आणि परत दिली. दोघंही काही बोललो नाही.

त्यानंतरच्या सरावात तो पाठलागाला होता. पळणारा पलीकडच्या बाजूला. तिसऱ्या चौकोनातल्या मुलाचं तोंड अलीकडे, म्हणजे तिथं खो द्यायचं काहीच कारण नव्हतं. चौथ्याला द्यायला हवा होता. त्यानं तिसऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि एवढ्या मोठ्यानं 'खो' म्हणाला की मुलींच्या मैदानावरच्यांनी वळून बघितलं. बीडचा मुलगा दचकून उठला आणि उलट्या बाजूला पळत सुटला. पळणारा आरामात मोकळा झाला.

"आंधळा हाईस काय रं?" म्होरक्या ओरडला. सगळेच ओरडले.

मी तिसऱ्या चौकोनापुढं रेघ मारली.